महायुद्धाचा इतिहास कुठून वाचायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमतो, ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. वाचकानं एखादं पुस्तक मागितलं की त्याच विषयावरचं, पण उलट मताचं दुसरं पुस्तक ते न मागता पुढे ठेवत. त्यांच्या या सवयीला धरूनच मी आजचा विषय घेतला आहे. पहिल्या महायुद्धाचे समग्र इतिहास कसे वाचावेत, हा तो विषय. समग्र इतिहास म्हणजे एकट्या व्हर्डनचा किंवा एकट्या गॅलिपोलीचा नव्हे, तर सारायेव्होच्या गोळीपासून तहापर्यंतचं सगळं युद्ध एका ग्रंथात मांडणारा.

मराठी वाचकाचं दुसऱ्या महायुद्धाशी जुनं सख्य आहे. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आणि वि. स. वाळिंबे यांचं 'वॉर्सा ते हिरोशिमा' ही पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत पानं सुटेपर्यंत वाचली गेली. पहिल्या महायुद्धाच्या वाट्याला एवढं प्रेम आलं नाही. त्यात हिटलरसारखा खलपुरुष नाही. चार वर्षं माणसं खंदकांत बसून राहिली, तेव्हा कथेला वेगही नाही. आणि कुणाचं काय चुकलं हे शंभर वर्षांनंतरही एका वाक्यात सांगता येत नाही.

पण सातारा, रत्नागिरी, पुणे या भागांत फिरलात, तर देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी कुठे ना कुठे दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावर मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले असं सांगतात. गावाच्या नावापुढे आज 'मिलिटरी' लागतं, त्यामागे हीच परंपरा आहे. पाटीवर नावं बहुधा नसतात, आकडा असतो. हा आकडा कुठल्या नदीकाठी पडला, कुणाच्या निर्णयामुळे आणि कशासाठी, हे पाटी सांगत नाही. ते शोधायचं तर समग्र इतिहासाकडेच जावं लागतं. म्हणून हे ग्रंथ जाडजूड आणि दूरचे वाटले तरी आपण ते वाचले पाहिजेत असं मी मनापासून मानतो. एकेका पलटणीच्या शौर्यकथा मीही आवडीनं वाचतो. पण नुसत्या शौर्यकथांवर पोसलेला वाचक अभिमान शिकतो, कारणं शिकत नाही.

आता हे ग्रंथ, आणि त्यांच्याबरोबर युद्धाच्या आरंभापुरतेच लिहिलेले काही. पहिली गोष्ट मी पाहतो ती ग्रंथ कुठून सुरू होतो ही. बार्बरा टकमन यांचं 'द गन्स ऑफ ऑगस्ट' १९६२ साली आलं. त्याची सुरुवात होते मे १९१० मधल्या सातव्या एडवर्डच्या अंत्ययात्रेनं. युरोपचे राजेरजवाडे घोड्यांवरून चालले आहेत, सगळे एकमेकांचे सोयरे. आणि तेच चार वर्षांनी एकमेकांवर सैन्यं सोडणार आहेत. अशा आरंभामुळे युद्ध एका जुन्या, देखण्या जगाचा अंत म्हणून डोळ्यांपुढे येतं. ख्रिस्तोफर क्लार्क यांचं २०१२ मधलं 'द स्लीपवॉकर्स' सुरू होतं १९०३ च्या बेलग्रेडमध्ये. लष्करी अधिकारी राजवाड्यात शिरतात आणि राजा अलेक्झांडर आणि राणी द्रागा यांची हत्या करतात. म्हणजे सारायेव्होला पोहोचण्याआधीच वाचकाच्या मनात सर्बियातल्या कटांची भीती बसलेली असते. दोन्ही घटना खऱ्या, दोन्ही लेखक प्रामाणिक. तरी आरंभ निवडताना अर्धा निवाडा होऊन गेलेला असतो.

जर्मनीत हा वाद किती जिव्हारी लागला होता ते फ्रिट्झ फिशरच्या उदाहरणावरून कळतं. हँबुर्गच्या या प्राध्यापकानं १९६१ साली जर्मन दप्तरखान्यांतली कागदपत्रं पुढे ठेवून सांगितलं की युद्ध जर्मनीवर कोसळलेलं नव्हतं, जर्मन राज्यकर्त्यांना सत्तेचा विस्तार हवा होता. युद्धाला सव्वा महिना होतो न होतो तोच, ९ सप्टेंबर १९१४ रोजी, चॅन्सलर बेथमान-होल्वेग यांच्या कचेरीत विजयानंतरच्या मागण्यांचा मसुदा तयार होता, हे त्यानं दाखवलं. फिशरवर सहकारी तुटून पडले. १९६४ मध्ये त्याच्या अमेरिकेतल्या व्याख्यानदौऱ्याचा पैसा जर्मन परराष्ट्र खात्यानं रोखला. पन्नास वर्षांनी क्लार्कचा ग्रंथ जर्मन भाषेत आला आणि हातोहात खपला, त्यालाही हीच पार्श्वभूमी आहे. दोषाचं ओझं अनेक राजधान्यांत वाटून देणारा इतिहास जर्मन वाचकाला हवाहवासा वाटला. क्लार्कचं संशोधन त्यामुळे खोटं ठरत नाही. पण मला विचाराल तर क्लार्क वाचल्यावर फिशरकडे जावंच, कारण बर्लिननं ऑस्ट्रियाला दिलेल्या कोऱ्या धनादेशाचं, म्हणजे बिनशर्त पाठिंब्याच्या वचनाचं, वजन फिशर वाचल्याशिवाय नीट कळत नाही.

अशा ग्रंथाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी एक घटना सांगतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाच्या पेचप्रसंगात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या मनात टकमन यांचं पुस्तक घोळत होतं. १९१४ मध्ये युरोपातली सरकारं गैरसमज आणि हट्ट यांच्या जोरावर घसरत कशी गेली, हे त्यांनी नुकतंच वाचलं होतं. पुढे कुणी आपल्यावर तसंच पुस्तक लिहू नये, असं त्यांनी भावाजवळ बोलून दाखवल्याचं रॉबर्ट केनेडी यांनी नोंदवलं आहे. टकमन यांच्या काही निष्कर्षांना पुढच्या संशोधकांनी धक्के दिले. तरीही अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला सावध करायला ते पुस्तक हजर होतं, आणि इतिहासाच्या पुस्तकाला याहून मोठा मान मिळू शकतो असं मला वाटत नाही.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे पानांची वाटणी. १ जुलै १९१६, सोमची पहिली सकाळ. ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक जायबंदी, बेपत्ता किंवा ठार, त्यांत मेलेले १९,२४०. इंग्रजीतला कुठलाही इतिहास या दिवसावर थांबतो, आणि थांबायलाच हवं. पण २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात आर्डेन्स आणि आसपासच्या लढायांत सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मारले गेले. इंग्रजीतून युद्ध वाचणाऱ्या किती जणांना ही तारीख ठाऊक आहे? लोकसंख्येच्या मानानं सर्वांत भयंकर हानी झालेल्या देशांत सर्बियाचं नाव अगदी वर येतं, पण १९१४ चा जुलै संपला की पुष्कळ पुस्तकांतून सर्बिया जवळजवळ नाहीसा होतो. पूर्व आफ्रिकेत ओझी वाहून नेण्यासाठी एकट्या ब्रिटिश बाजूनं दहा लाखांच्या आसपास माणसं राबवली, त्यांतली लाखाच्या घरात भूक, ताप आणि जुलाबांनी मेली. त्यांना एखादा परिच्छेद मिळतो. लेखकाचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. तो ज्या देशाच्या दप्तरखान्यांत वाढला, ज्या भाषेतली पत्रं त्यानं वाचली, तिथे त्याची पानं खर्च होतात. आपण ते ओळखून वाचायचं.

शेवट कुठे होतो हेही बघा. बहुतेक ग्रंथ ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकराच्या ठोक्याला पडदा टाकतात. रॉबर्ट गेरवार्ट यांच्या 'द व्हँक्विश्ड'मध्ये पराभूत देशांत हिंसा १९२३ पर्यंत चालूच राहते. रशियातली यादवी, तुर्क-ग्रीक युद्ध, लोझानचा तह आणि त्यानुसार लाखो माणसांची सक्तीची अदलाबदल, हे सगळं वाचल्यावर अकराचा ठोका पश्चिमेपुरताच होता हे लक्षात येतं.

आता मी आपल्याकडच्या प्रकरणावर येतो. इथे जरा थांबणार आहे.

नोव्हेंबर १९१४ च्या पहिल्या आठवड्यात हिंदी सैन्याची एक ब्रिगेड इराणी आखाताच्या वरच्या टोकाशी फाव इथे उतरली. ती होती सहाव्या डिव्हिजनची, म्हणजेच 'पूना डिव्हिजन'ची. अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचं रक्षण करायचं आणि तुर्कांना आखातापासून दूर ठेवायचं, एवढं तिचं काम. २२ नोव्हेंबरला बसरा हाती आलं. तिथेच थांबता आलं असतं. पण सोपे विजय मिळत गेले आणि सैन्य तैग्रिसच्या काठानं वर सरकत गेलं: कुर्ना, अमारा, कुत. आता बगदाद दिसू लागलं. मोहीम चालवत होतं सिमल्याचं सरकार. मुलखात रेल्वे नाही, धड रस्ता नाही, अन्न, दारूगोळा, जखमी माणसं सगळं नदीतूनच न्यायचं, आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी अपुऱ्या. सैन्य जेवढं पुढे जाई तेवढी प्रत्येक बोटीची खेप लांबत जाई. या एका गोष्टीकडे वेळेवर कुणी पाहिलं असतं तर पुढचं संकट टळलं असतं असं माझं मत आहे.

२२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफोनला मोठी लढाई झाली. बगदाद पन्नास किलोमीटरच्याही आत होतं. डिव्हिजनचे हजारो लोक पडले आणि तिचा सेनापती जनरल टाउन्सेंड यानं माघार घेतली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत खेचत आणलं, मग उघड्या पडावांवर दाटीनं घालून खाली बसऱ्याकडे पाठवलं. त्या बोटी बसऱ्याला लागल्या तेव्हाची अवस्था इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर कार्टर यांनी लिहून वर कळवली. बक्षीस म्हणून त्यांना वरिष्ठांच्या धमक्या ऐकून घ्याव्या लागल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला टाउन्सेंडचं सैन्य कुत-अल-अमारामध्ये कोंडलं गेलं. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, खडकीचे बॉम्बे सॅपर्स होते, इंग्रजांच्या डॉर्सेट आणि नॉरफोक होत्या, पंजाबी आणि राजपूत होते. अन्न संपत गेलं तशी घोडी कापली जाऊ लागली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस महिनोन्महिने खाल्लं नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवण्यात आली. तोवर अनेकांना स्कर्व्ही झाला होता. बाहेरून वेढा फोडण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत सुमारे २३,००० माणसं जायबंदी किंवा ठार झाली, म्हणजे आत अडकलेल्या सैन्याहूनही कितीतरी जास्त. शेवटी तुर्की सेनापतीला पैसे देऊन वेढा उठवण्याचा प्रस्ताव घेऊन टी. ई. लॉरेन्स आणि ऑब्री हर्बर्ट गेले, तोही फुकट गेला. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. टाउन्सेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं गेलं, पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक आणि हिंदी शिपायांपैकी हजारो परत आले नाहीत. यातून वाचलेला एक बंगाली रुग्णसेवक, शिशिर सर्वाधिकारी, यानं पुढे बंगालीत 'अभी ले बगदाद' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. बंगाली वाचक त्या बाबतीत भाग्यवान.

समग्र इतिहासांत हे सगळं दीड-दोन पानांत येतं, लेखक चांगला असेल तर चार. पानं कमी पडली ही माझी मुख्य तक्रार नाही. कुतचा धागा पुढे जिथे जातो, तिथे कुणीच त्याच्या मागे जात नाही, ही आहे. या मोहिमेच्या चौकशीसाठी पार्लमेंटनं आयोग नेमला. जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यानं सिमल्याच्या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. जुलैत कॉमन्समध्ये चर्चा झाली. हिंदुस्थान सरकारची सगळी चौकटच कालबाह्य आणि ताठर झाली आहे, असा हल्ला तिथे एका खासदारानं चढवला. त्याचं नाव एडविन माँटेग्यू. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आला हाच माँटेग्यू. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यानं जबाबदार राज्यपद्धतीच्या दिशेनं टप्प्याटप्प्यानं जाण्याची ती प्रसिद्ध घोषणा केली. तिच्यातून १९१९ चा कायदा आला.

आपल्या शाळा-कॉलेजांत माँटेग्यूची घोषणा शिकवतात, तिथे कुतचं नाव येत नाही. युद्धाच्या इतिहासांत कुत येतं, तिथे घोषणेचं नाव येत नाही. सांधा दोन शेल्फांच्या मधल्या फटीत पडला आहे. कुत हेच घोषणेचं एकमेव कारण होतं असं कुणी समजू नये. टिळकांची होमरूल लीग एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला स्थापन झाली होती, त्याच वर्षीच्या डिसेंबरात लखनौ करार झाला होता, आणि घोषणेच्या मसुद्यावर चेंबरलेनच्या काळातच खल चालू होता. पण तैग्रिसकाठी उपाशी मेलेला साताऱ्याचा शिपाई आणि दिल्लीतल्या कायदेमंडळाची रचना यांच्यात एक खरा, कागदोपत्री दाखवता येणारा दुवा आहे. तो जोडायला दोन्ही शेल्फं वाचणारा वाचक लागतो, आणि असा वाचक मराठीत तयार व्हायला अडचण कसली?

असेच आणखी दुवे आहेत. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ पर्यंत ती मोडली. गव्हर्नर विलिंग्डन यांनी जून १९१८ मध्ये मुंबईत युद्धपरिषद भरवली. तिथे टिळक स्वराज्याचा विषय काढू लागताच त्यांना बोलू दिलं गेलं नाही आणि ते सभा सोडून निघून गेले. ही माणसं युरोपच्या ग्रंथांत नसतील, पण त्या ग्रंथांत सांगितलेल्या मनुष्यबळाच्या टंचाईशिवाय या दोन्ही घटना समजत नाहीत.

त्याच जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीतले काही पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या साथीची दुसरी लाट आली तेव्हा पावसानं दगा दिला होता, धान्य महाग होतं, माणसं आधीच खंगलेली होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं इन्फ्लुएंझानं मेली. साऱ्या हिंदुस्थानातले अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात. युद्धात सगळ्या देशांचे मिळून मेलेले सैनिक सुमारे एक कोटी. म्हणजे रणांगणावर सगळ्या जगाचे जेवढे गेले, त्याहून जास्त माणसं एकट्या आपल्या देशात घरच्या वाकळेवर गेली. जहाजांनी आणलेला रोग आणि युद्धकाळाची महागाई यांनी मेलेली ही माणसं युद्धाच्या हिशेबात धरायची की नाही? मी धरतो. ज्या ग्रंथात त्यांना एक परिच्छेद आहे, तो ग्रंथ तेवढ्यापुरता अपुरा आहे असं मी म्हणेन, मग तो कितीही मोठ्या इतिहासकाराचा असो.

आता नावांविषयी. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल इथे १९२७ साली हिंदी सैनिकांचं स्मारक उभं राहिलं, त्यावर ४,७०० हून अधिक माणसांची नावं कोरली आहेत. दोनच वर्षांनी बसऱ्याचं स्मारक पुरं झालं. तिथे ब्रिटिश शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं आहे, पण हिंदी शिपायांचे पलटणीगणिक फक्त आकडे कोरले गेले. साम्राज्य तेच, युद्ध तेच. युरोपच्या डोळ्यांपुढे नावं आणि बसऱ्याच्या वाळूत आकडे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच्याच जुन्या कारभाराची चौकशी केली आणि आफ्रिका, मध्यपूर्व आणि आशियातल्या लाखभराहून अधिक मृतांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच नोंद झाली नाही, हे मान्य करून माफी मागितली. मुंबईत मशीद स्टेशनजवळ इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. त्या रस्त्यानं रोज हजारो लोक जातात.

मित्रहो, माझी मागणी दोन गोष्टींची आहे. या वर्षी एक समग्र इतिहास वाचा. त्याची तयारी म्हणून टकमनपासून सुरुवात करा, ती गोडी लावते. तिच्याबरोबर क्लार्क किंवा फिशर ठेवा. पुढे समग्र इतिहास म्हणून जॉन कीगन किंवा ह्यू स्ट्रॅचन घ्या, आणि प्रत्येक वेळी आरंभ, शेवट, नकाशे आणि पानांची वाटणी पाहा.

दुसरी गोष्ट या सभागृहातल्या शिक्षकांसाठी आहे. बसऱ्याच्या भिंतीवर जी नावं नाहीत त्यांतली पुष्कळशी युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत आहेत आणि नाव आणि पलटण यांवरून संगणकावर शोधता येतात. गावात कुणाकडे पदक असेल, पेन्शनचा कागद असेल, पणजोबांच्या पलटणीचा नंबर कुणाला आठवत असेल. नववी-दहावीच्या मुलांना एका गावाची पाटी द्या, आणि तिच्यावरच्या आकड्यामागची जेवढी नावं सापडतील तेवढी पलटण, ठिकाण आणि तारखेसह लिहून काढायला सांगा. ती वही आपल्या वाचनालयात जमा करा. मराठीत या युद्धाचा समग्र इतिहास जो कुणी लिहील, त्याला ती लागणार आहे.